खाडाखोड नसलेला कागद

कॉनी बेलांका हात धुवायला बायकांच्या खोलीत शिरली, तर आत एक पुरुष बसला होता.

नुसता बसला नव्हता. पियानोशी बसून गात होता. आणि गात होता काय, तर "बटाटा, बटाटा, उकडलेला बटाटा… दुपारी मला कुणी वाढलाच नाही…" आणि तेही असल्या हळव्या, गोड चालीवर, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणीच यावं!

"अहो!" कॉनी दारातच थबकली. "बायकांची खोली आहे ही!"

"माहितेय." तो वळलासुद्धा नाही. "पण अख्ख्या थिएटरात सुरात असलेला पियानो हा एकच. वरच्याच्या पट्ट्या उंदरांनी खाल्ल्यात. तुम्ही खुशाल हात-तोंड धुवा. मी भिंतीकडे तोंड करून बसलोय."

"भिंतीवर आरसा आहे!"

त्याने मान वर केली. आरशात दोघांची नजरानजर झाली. "अरेच्चा… हो की." त्याने घाईघाईने हातातला कागद आरशावर धरला. कागद वीतभर, आरसा चांगला चार हात लांब. कॉनीला हसू फुटलं. खरं तर तिला रागवायचं होतं.

"अंगठ्याला शाई!" तो कागदाआडून डोकावत म्हणाला. "म्हणजे तुम्ही मिस बेलांका. तिसऱ्या मजल्यावर गाण्यांच्या प्रती काढता त्या. गेले दहा दिवस माझे शब्द तुमच्याच हाताखालून जातायत की!"

"म्हणजे तुम्ही…"

"एझरा कॉपलिन. गीतकार. निदान आज दुपारपर्यंत तरी."

"आणि तो बटाटा व्हायोला प्रेस्कॉट गाणार आहे?"

"गाऊ दे की! सध्या जे गातेय त्यापेक्षा बटाटा पौष्टिक आहे."

तो बटाटा म्हणजे 'डमी' होता, हे कॉनीला वेगळं सांगायला नको होतं. या धंद्यात आधी चाल होते, मग शब्द. चाल डोक्यात मुरेपर्यंत गीतकार तिच्यावर सुचेल ते अगडबगड बसवतो. बटाटा, मोजे, घरमालकिणीचं नाव, काहीही. मग खरे शब्द सापडले की डमी जातो केराच्या टोपलीत. कुणी ऐकत नाही, कुणी लिहून ठेवत नाही. कॉनीनेही त्या दिवशी हात धुतले, ओले हात कोटाला पुसले आणि ती वर निघून गेली. पण जिना चढताना ती बटाट्याची चाल गुणगुणत होती, आणि तिसऱ्या मजल्यावर पोहोचल्यावर हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ती स्वतःवरच चिडली.

आता नाटकाचं सांगते. नाटकाचं नाव 'छोट्या जाहिराती'. वर्तमानपत्राच्या कचेरीत जाहिराती घेणारी एक मुलगी, तिथल्याच छापखान्यात खिळे जुळवणारा एक तरुण. तो दुसऱ्या गावी चाललाय आणि तिला त्याला थांबवायचंय. गोष्ट एवढीच. न्यूयॉर्कला नेण्याआधी बॉस्टनमध्ये तीन आठवडे प्रयोग लावले होते, कारण नाटक दुरुस्त होतं ते परगावच्या प्रेक्षकांपुढे. त्यांची सर्दी-पडसं सोसत, रोज इथे काप, तिथे जोड असं करत करत. बाकी सगळं मार्गी लागलं होतं. घोडं अडलं होतं ते एकाच गाण्यावर, त्याला थांबवायच्या गाण्यावर.

या गाण्याने सगळ्यांना नाकीनऊ आणले होते. आधी ते पहिल्या अंकात, ज्याला थांबवायचं त्या नायकाच्याच तोंडी होतं, आणि त्यात चांदणं होतं. संगीतकार गस लिंडग्रेन प्रेक्षागृहात सगळ्यात मागे उभा राहून खोकले मोजायचा. त्याचं म्हणणं, सर्दीने माणूस कधीही खोकतो, पण गाणं चालू असताना खोकतो तो कंटाळ्याने. पहिल्या रात्री सदतीस खोकले. मग तेच गाणं भराभर वाजवून, सहा पोरी नाचवून विनोदी केलं. लोक हसले खरे, पण पुढे नायिका रडली तेव्हाही हसले. मग द्वंद्वगीत केलं. मग ते उचलून दुसऱ्या अंकात टाकलं आणि नायिकेला, व्हायोलाला दिलं. शेवटी निर्माते-दिग्दर्शक मिस्टर ब्रॉफी म्हणाले, "गस, चालीतला तो मधला पाच ओळींचा तुकडा आहे ना, तेवढाच ठेव. तेच गाणं. बाकी सगळं फेकून दे."

गस दिवसभर कुणाशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "गधडा बरोबर बोलला."

आणि प्रत्येक बदलाला बावीस वादकांच्या बावीस प्रती! त्या कोण काढणार? तर कॉनी. लिही, काप, वरून पट्टी चिकटव, पुन्हा लिही. पण एकदाची चाल सापडली. सापडेनात ते शब्द. बिचारा एझरा रोज नवे शब्द घेऊन तिसऱ्या मजल्यावर यायचा, जिन्याने धापा टाकत. येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून कागदी पेल्यात सूप आणायचा.

"कसे वाटले?" तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं.

"काय?"

"शब्द हो, माझे!"

"मी वाचत नाही."

एझराचा चेहरा असा झाला की तिला त्याची दयाच आली. "वाचत नाही म्हणजे? लिहिता तर तुम्हीच!"

"लिहिणं वेगळं. माझे पप्पाही हेच काम करायचे. त्यांनी सांगून ठेवलंय की शब्दांत शिरलीस की हात चुकतो. स्वराखाली एक अक्षर, मग आडवी रेघ, मग पुढचं अक्षर. ते 'प्रेम' आहे की 'पेरू' आहे, आपल्याला काय करायचंय?"

"म्हणजे माझं एकही गाणं तुम्हाला माहीत नाही?"

"तो बटाटा पाठ आहे."

तो हसला नाही. खिडकीवर बारीक पाऊस अन् बर्फ यांचं काहीतरी मिश्रण आपटत होतं, तिकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "बरं आहे. एक तरी माणूस आहे, ज्याच्यासमोर माझी अजून शोभा झालेली नाही."

त्यानंतर तो जरा जास्तच वेळा वर यायला लागला. कधी पेन्सिल तासायला, कधी पट्टी मागायला. एकदा तर नुसताच… दारात उभा राहिला, "काय बरं हवं होतं मला?" म्हणाला आणि परत गेला. कॉनीनेही हात धुवायला तळमजल्यावर जायचे फेरे वाढवले. इतके, की वाद्यवृंदातला बासरीवाला म्हणाला, "कॉनी, तुझे हात धुऊन धुऊन झिजतील बरं का!" तिने त्याच्या प्रतीत मुद्दाम एक अवघड स्वर तसाच ठेवला, सोपा करून दिला नाही.

गुरुवारी दुपारी मिस्टर ब्रॉफींनी एझराला बोलावून घेतलं. बातमी अर्ध्या तासात तिसऱ्या मजल्यावर पोहोचली. शनिवारी सकाळच्या गाडीने न्यूयॉर्कहून क्लाइड मर्चिसन येणार. हा मर्चिसन म्हणजे गाण्यांचा डॉक्टर. परगावी नाटक आजारी पडलं की त्याला बोलवायचे. तो शनिवारी दुपारचा प्रयोग बघणार. एझराचे नवे शब्द तेव्हा लागू पडले तर ठीक. नाही पडले, तर गाणं मर्चिसन लिहिणार, आणि एक गाणं हातात घेतलं की तो सगळीच घेतो. एझराचं नाव पाटीवरून जाणार आणि रविवारी एझराही घरी जाणार, स्क्रँटनला काकांच्या टोप्यांच्या दुकानात.

कॉनीचा हात लिहिता लिहिता थांबला. गीतकार काय, येतात आणि जातात. तिने चार नाटकांत चार पाहिले होते. मग आपला हात का थांबला? रविवार… म्हणजे तेरवा. आणि तिला कळून चुकलं. चांगलंच कळलं. पण कळून उपयोग काय? जाणाऱ्या माणसाला जिन्यात गाठून काय सांगायचं?

शुक्रवारी दुपारी ती खाली गेली तेव्हा तो पियानोवर डोकं टेकून बसला होता. पायाशी कागदांचे बोळे, गुडघाभर.

"नाही होत?" तिने विचारलं.

"चांदणं काढलं तर समुद्र येतो. समुद्र काढला की काळीज येतं. काळीज काढलं तर कागद कोरा." त्याने डोळे चोळले. "मिस बेलांका, तुम्हाला कुणाला थांबवायचं असतं तर काय म्हणाला असता?"

"मी?" तिच्या कानशिलांत ऊन ऊन झालं. "मी कशाला… मला नाही बाई असलं काही येत."

"मलाही नाही येत. पगार मात्र त्याचाच मिळतो." तो तिच्याकडे बघत राहिला. अंमळ जास्तच वेळ. "मिस बेलांका, मला तुम्हाला एक…"

"एझरा!" दार धाडकन उघडून गस आत आला. "चौथ्या ओळीत एक स्वर वाढवू का? अरे, कॉनी! तू इथे काय करतेयस?"

"बायकांची खोली आहे ही, गस!" म्हणून कॉनी तरातरा निघून गेली. जिन्यात तिला गसचा गळा दाबावासा वाटला.

शनिवार उजाडला. मिस्टर ब्रॉफींनी एझराला एक काम सांगितलं: स्टेशनवर जाऊन मर्चिसनला उतरवून घे! आपल्याच जागेवर येणाऱ्या माणसाला आणायला आपणच जायचं, याला काय म्हणावं? पण गेला बिचारा. जाताना कॉनीच्या टेबलावर चिठ्ठी ठेवून गेला: 'शब्द खाली पियानोवर आहेत. ए.'

पियानोवर दोन कागद होते.

एक चुरगळलेला, बरबटलेला. खाडाखोड, बाण, वर्तुळं, समासात उभं लिहिलेलं, कॉफीचा डाग. दुसरा स्वच्छ. एका बैठकीत, एका हाताने लिहिलेला, एकही शब्द खोडलेला नाही. आता या धंद्यातल्या कुणालाही विचारा, पक्का कागद कुठला? शेंबडं पोरही सांगेल. खाडाखोडीचा तो खर्डा, स्वच्छ तो पक्का. पप्पांनी तिला शिकवलेली दुसरी गोष्ट हीच. कॉनीने स्वच्छ कागद उचलला. चाल तीच होती, त्यामुळे वादकांच्या प्रतींना हात लावायचा नव्हता. तीनच प्रती हव्या होत्या: व्हायोलाची, गसची आणि पडद्याआड बसणाऱ्या प्रॉम्प्टरची. स्वराखाली अक्षर, आडवी रेघ, पुढचं अक्षर. तिचं मन त्यात नव्हतंच. ते रविवारच्या गाडीत बसलं होतं. शेवटच्या पाच स्वरांखाली नुसतंच 'ला ला ला ला ला' होतं. तेही तिने तसंच उतरवलं. गाण्यात असतंच की ला ला.

व्हायोलाने प्रत हातात घेतली, चष्मा लावला, वाचली. मग चष्मा काढून कॉनीकडे बघितलं. "हे त्या पोराने लिहिलंय?"

"हो, मिस प्रेस्कॉट."

"बरं झालं. पंधरा दिवसांनी त्याने मला माणसासारखं बोलायला दिलं."

गसने तिला दोनदा गाणं बसवून दिलं. पण गसला शब्द ऐकूच येत नसत. स्वतःच्या एकाही गाण्याचे शब्द त्याला कधी पाठ झाले नव्हते. मिस्टर ब्रॉफी दिव्यांच्या माणसाशी भांडण्यात गुंतले होते. आणि बर्फामुळे गाडी आली तीन तास उशिरा.

दुसऱ्या अंकाचा पडदा उघडला तेव्हा कॉनी गसच्या शेजारी मागे उभी होती, कोटाच्या खिशात मुठी वळून. बाजूचं दार हळूच उघडलं. डोक्यावर बर्फ घेऊन एझरा आत आला आणि त्याच्यामागून एक बुटका, जाडा, टक्कल पडलेला माणूस. एझराने कॉनीकडे बघून ओठांनीच विचारलं, "शब्द मिळाले?" तिने होकारार्थी मान डोलावली. वाद्यं सुरू झाली. कॉनीने डोळे मिटले. देवा, आज कुणी खोकायला नको.

व्हायोला गायला लागली:

"अंगठ्याला शाई तुझ्या, कोटाचं बटण लोंबतंय,
सूप तुझं गार झालं, काम कुठे थांबतंय?"

कॉनीने डोळे उघडले. काय? तिचा हात आपोआप कोटाकडे गेला. वरून तिसरं बटण… एका धाग्यावर लोंबत होतं. सोमवारपासून.

"दार नुसतं वाजलं की अक्षर माझं हलतं,
रोज ठरवून बोलायचं, रोज बोलणं टळतं…"

आणि मग व्हायोला थांबली. तिने समोर उभ्या असलेल्या नायकाकडे बघितलं, जणू काही सांगायचंय आणि तोंडून निघत नाही. आणि शेवटचे पाच स्वर ती नुसतेच, अगदी हळू म्हणाली… ला, ला, ला, ला, ला.

स्वतःच्या हाताने कॉनीने हे तीन वेळा लिहिलं होतं. सकाळी. ठळक अक्षरांत. आणि एक शब्द वाचला नव्हता! तिने मान वळवून एझराकडे बघितलं. एझरा पांढराफटक पडला होता. तिच्याकडे बघत नव्हता. जमीन दुभंगली तर उडी मारायला तयार, असा उभा होता.

प्रेक्षागृहात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. एक क्षण, दोन क्षण… आणि मग टाळ्या. आधी बाल्कनीतून, मग सगळीकडून. थांबायचं नावच घेईनात.

गसने कॉनीचा दंड घट्ट धरला. "शून्य!" तो कुजबुजला. त्याचे डोळे भरून आले होते. "कॉनी, शून्य! एकही नाही!"

प्रयोग संपला आणि पडद्यामागे मिस्टर ब्रॉफी प्रतीचा कागद फडकावत उभे राहिले. "कॉपलिन! काल रात्री तू मला वाचून दाखवलंस त्यात किनारा होता, चांदणं होतं. हे काय आहे? शाई? सूप? कुणी बदललं हे?"

"सर, तो… तो डमी होता."

"डमी! माझ्या नायिकेने हजार लोकांपुढे डमी गायला?"

"चूक माझी आहे," कॉनी पुढे झाली. आवाज कापत होता, पण कापू दे. "पियानोवर दोन कागद होते. खाडाखोड नसलेला तो पक्का समजून मी उतरवला. मिस्टर कॉपलिनना काहीच माहीत नव्हतं. काढायचं तर मला काढा."

तेवढ्यात तो टकला मर्चिसन गालात हसत पुढे आला. तोवर कुणाचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं.

"ब्रॉफी, मला एक टॅक्सी बोलावून दे," तो म्हणाला. "सहाची गाडी मिळेल."

"आणि गाणं?"

"ठणठणीत पेशंटला मी हात लावत नाही. नायक छापखान्यातला. त्याच्या अंगठ्याला शाई नाही तर काय मध लागणार?" त्याने एझराच्या पाठीवर थाप मारली. "मीही आयुष्यभर खोडून खोडून चांगली गाणी बिघडवलीत, बाळा. हे आहे तसं राहू दे. फक्त शेवटची ओळ लिही. ते ला ला आज बाईंनी निभावून नेलं. न्यूयॉर्कमध्ये रोज नाही निभायचं."

मिस्टर ब्रॉफींनी कागदाकडे बघितलं, मर्चिसनकडे बघितलं, आणि कागद एझराच्या हातात कोंबला. "संध्याकाळच्या प्रयोगाला शेवटची ओळ हवी. साडेआठला. तू लिही, दुसऱ्या कुणी नाही." आणि कॉनीला म्हणाले, "आणि तू… यापुढे वाचत जा जरा!"

कॉनीचा जीव भांड्यात पडला. राहिला! रविवारची गाडी निघू दे, नाहीतर रुळावरून घसरू दे, एझरा तिच्यात नव्हता. तिला एकदम इतकं हलकं वाटलं की रडू यायला लागलं. आणि त्यापाठोपाठ आला राग.

एझराच्या मागोमाग तळमजल्यावरच्या खोलीत शिरताच तिने दार लावून घेतलं.

"ते माझ्यावर होतं?"

एझराने मान खाली घातली. "हो."

"कधी लिहिलंस?" तुम्हीचा तू कधी झाला, दोघांनाही कळलं नाही.

"काल. गस आला आणि तू गेलीस ना… त्यानंतर. दहा मिनिटांत. मग मला भीती वाटली. म्हणून पुन्हा चांदणं लिहायला बसलो, ते पहाटेपर्यंत."

"आणि मला नाही सांगितलंस! गुलामा, हजार लोकांना कळलं! बाल्कनीतल्या म्हाताऱ्यांना कळलं! अख्ख्या बॉस्टनने माझ्याआधी ऐकलं!"

"तुझ्याआधी कसं? सकाळी तूच तर लिहिलंस… तीनदा!"

कॉनीला हसू आवरेना. ती पियानोशेजारच्या गुलाबी स्टुलावर बसली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. एझरा तिच्यासमोर उकिडवा बसला, घाबराघुबरा. "कॉनी, तुला वाईट वाटलं असेल तर मी बदलतो. आत्ता. अजून वेळ आहे. सगळं खोडतो. पुन्हा चांदणं घालतो…"

"खबरदार हात लावलास तर!"

"मग शेवटची ओळ? कालपासून तिथेच अडलोय. त्याच्यापुढे काय म्हणायचं हेच कळत नाही. 'रोज बोलणं टळतं' आणि मग? मी पन्नास ओळी करून बघितल्या. सगळ्या खोट्या."

"आण इकडे."

तिने व्हायोलाची प्रत मांडीवर घेतली, दौत उघडली. नऊ वर्षं ती दुसऱ्यांची अक्षरं उतरवत आली होती. स्वतःचं एक अक्षर कधी कुठल्या स्वराखाली लिहिलं नव्हतं. तिने ला ला खोडलं. तिच्या प्रतीतली ती पहिली खाडाखोड! आणि स्वराखाली एकेक अक्षर लिहायला लागली. एझरा मान वाकडी करून वाचत होता.

ब — रं — मीच…

तो वाचायचा थांबला. श्वास घ्यायचाही थांबला.

…बोल — ते.

बरं, मीच बोलते.

वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं.

"मग बोल," एझरा म्हणाला. अगदी हळू.

कॉनीने टाक खाली ठेवला. इथवर आल्यावर आता कसलं लाजायचं! "मला तू आवडतोस, एझरा. गुरुवारी कळलं तू जाणार, तेव्हापासून मला जेवण गेलेलं नाही. तुला काढलं असतं ना, तर मी उद्या स्टेशनवर येऊन तुझी बॅग खेचून धरली असती. स्क्रँटनला जायचं नाही. टोप्याबिप्या विकायच्या नाहीत. माझ्याजवळ राहायचं."

"हुश्श…" एझराने एवढा मोठा श्वास सोडला की मांडीवरचा कागद हलला.

"हुश्श? मी इथे काळीज काढून ठेवलं आणि तू हुश्श म्हणतोस?"

"अगं, मला वाटलं होतं, तू मला सगळं गाणंच कापायला सांगशील!" तो हसायला लागला, आणि हसता हसताच त्याचा आवाज ओला झाला. "कॉनी… मीही. पहिल्या दिवसापासून. आरशात दिसलीस तेव्हापासून."

त्याने तिचा हात हातात घेतला. तिने तो काढून घेतला नाही. उलट तीच पुढे वाकली… आणि ओल्या शाईची प्रत दोघांच्या मध्ये चुरगळली, तरी कुणी तिच्याकडे बघितलं नाही.

साडेआठला अजून तीन तास होते आणि प्रती काढायच्या होत्या तीनच. एरवी कॉनीने त्या वीस मिनिटांत उतरवल्या असत्या. त्या दिवशी व्हायोलाला तिची प्रत मिळाली ती पडदा उघडायला दहा मिनिटं असताना, तीही चुरगळलेली आणि शाई फिसकटलेली. व्हायोलाने चष्मा लावून शेवटची ओळ वाचली, कॉनीच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि काही न विचारता पाठ करायला घेतली.

गस मागे जाऊन उभा राहिला तो सवयीने. त्या रात्री त्याने खोकले मोजलेच नाहीत.